लाकडी स्टोव्हची टक्केवारी छापताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घर तापवायच्या लाकडी स्टोव्हवर आपल्या पुरवणीत लेख आला आणि पुढच्याच आठवड्यात त्यावर एका वाचकाचं चिडून लिहिलेलं पत्रही आलं. नवे स्टोव्ह जुन्यांपेक्षा कितीतरी कार्यक्षम, असं लेखात होतं. पत्रलेखकाचं म्हणणं, काहीतरीच; जुना बिडाचा स्टोव्ह काढून नवा बसवला तेव्हापासून घरातली धगच गेली. दोघंही खरं बोलताहेत आणि दोघांनीही अर्धंच सांगितलंय, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझी सगळी नोकरी बॉयलर हाउसमध्ये गेली. धुराड्यातून काय बाहेर पडतंय ते बघून भट्टीत काय चाललंय हे ओळखायची सवय तिथे लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मुलीच्या घरी दोन स्टोव्ह आहेत. तळघरात जुना, बिडाचा, जाडजूड दाराचा, आधीच्या मालकानं तसाच सोडून गेलेला. वर बैठकीच्या खोलीत नवा: समोर काच, आत विटांचं अस्तर, आणि पेटीच्या आतच छताजवळ, वायू अडवणारी एक आडवी फळी. जावई दोन्हींत एकाच ढिगातलं लाकूड घालतात, तेव्हा तुलनेला याहून बरी सोय कुठे मिळणार? धुराड्याकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांवर मी चुंबकानं चिकटणारी तापमापी लावून ठेवली आहे. आजोबा टीव्हीपेक्षा नळीच जास्त बघतात, अशी नातवाची तक्रार आहे.

लाकडाची एक गंमत कोळशावर हात बसलेल्या माणसाला लगेच लक्षात येत नाही. लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण त्याच्या कोरड्या वजनातला सत्तर-ऐंशी टक्के भाग तापल्यावर वायू आणि वाफा होऊन सुटतो. मागे उरतो तो कोळसा. म्हणजे लाकडी स्टोव्ह हा मुख्यतः वायू जाळायचा स्टोव्ह. या वायूंना नीट जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, ताजी हवा लागते, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायला थोडा वेळ लागतो. यातलं एक जरी कमी पडलं तरी वायू तसेच वर निघून जातात. छपरावरून निघणारा करडा धूर म्हणजे विकत घेतलेलं, फोडलेलं, वाळवलेलं आणि न जाळता सोडून दिलेलं जळण.

आमचा तळघरातला जुना स्टोव्ह म्हणजे बिडाची एक पोकळ पेटी. हवा पुढून शिरते, ज्वाळा थंड बिडाला लागून विझतात, वायू सरळ नळीत. मात्र त्याची हवा पूर्ण उघडी ठेवली आणि वाळकी, बारीक फोडलेली लाकडं घातली, तर तोही झकास जळतो. छपरावर धूर जेमतेम दिसतो. त्याची खरी खोड रात्री कळते. झोपायच्या आधी माणूस पोटभर लाकूड कोंबतो आणि हवा आवळतो, कारण सकाळपर्यंत विस्तव टिकायला हवा. मग लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसतं. आतलं तापमान ६०० अंशांच्या खूप खाली, वायू सुटताहेत पण जळत नाहीत, आणि नळीच्या वरच्या थंड भागात त्यांचं डांबर होऊन चिकटतं. धुराड्यात आगी लागतात त्या याच डांबराच्या. शिवाय धुमसणाऱ्या आगीत कार्बन मोनॉक्साइड भरपूर तयार होतो. स्टोव्ह कुठलाही असो, या विषारी वायूचा अलार्म घरात असायलाच हवा.

१९७३च्या तेलसंकटानंतर अशा घट्ट बंद होणाऱ्या स्टोव्हना अमेरिकेत प्रचंड मागणी आली. हवा आवळली की रात्रभर चालतो, हीच त्यांची जाहिरात. थोड्याच वर्षांत थंडीतल्या रात्री गावंच्या गावं धुरात बुडायला लागली. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, १९८८ मध्ये नव्या स्टोव्हसाठी देशभरासाठीचे नियम काढले. १९९० पासून साध्या स्टोव्हला तासाला ७.५ ग्रॅम आणि उत्प्रेरक (कमी तापमानातही धूर जाळणारी जाळी) बसवलेल्याला ४.१ ग्रॅम धूलिकणांची मर्यादा आली. २०१५ मध्ये नियम पुन्हा कडक झाले, आणि मे २०२० पासून ही मर्यादा २ ग्रॅमवर आली. चाचणी घरगुती फोडलेल्या लाकडावर केली असेल तर २.५ ग्रॅम.

इथे आपल्या लेखाचा धागा सुटला. हे सगळे आकडे धुराचे आहेत. अमेरिकेच्या नियमात कार्यक्षमता, म्हणजे लाकडातल्या उष्णतेपैकी किती खोलीत येते ते, मोजून कळवायचं बंधन आहे, पण अमुक टक्के असलीच पाहिजे असा किमान आकडा नाही. युरोपात तो आहे: १ जानेवारी २०२२ पासून दार बंद असणाऱ्या लाकडी स्टोव्हची हंगामी कार्यक्षमता किमान ६५ टक्के हवी आणि धूलिकण घनमीटरला ४० मिलिग्रॅमच्या आत. तेव्हा 'नव्या नियमांत बसतो, म्हणून जास्त उष्णता देतो' हे वाक्य लिहिताना कुठला नियम ते आधी बघायला हवं. धूर कमी झाला की जळण जास्त जळलं, हे खरं. ती जळलेली उष्णता खोलीत आली की धुराड्यातून गेली, हा वेगळा हिशेब.

नव्या स्टोव्हमध्ये काय बदललं ते काचेतून चक्क दिसतं. वरच्या आडव्या फळीखाली पोलादाच्या दोन-तीन नळ्या असतात, त्यांना ओळीनं बारीक भोकं. बाहेरची हवा स्टोव्हच्या मागून फिरत, तापत या नळ्यांत येते आणि भोकांतून ज्वाळेत सुटते. आग नीट लागली की लाकडापासून वेगळी, अधांतरी ज्वाळा त्या भोकांपाशी पेटलेली दिसते, गॅसच्या बर्नरसारखी. खाली लाकूड जवळपास शांत असतं आणि वर आग नाचत असते. हेच ते वायू. तळघरात ते नळीतून पळून गेले असते. विटांचं अस्तर आणि वरची फळी उष्णता आतच धरून ठेवतात, त्यामुळे हवा बरीच कमी केली तरी आतला भाग ६०० अंशांच्या वर राहतो. दुसरा प्रकार उत्प्रेरकाचा. त्यात मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा थर असतो आणि वायू साधारण २६० अंशांनाच जळायला लागतात, म्हणून तो अगदी मंद आगीवरही स्वच्छ चालतो. पण ती जाळी काही वर्षांनी मरते, आणि रंगवलेलं लाकूड किंवा प्लॅस्टिक घातलं तर त्याआधीच.

आता धगेबद्दल. पत्रलेखकांना जी कमी जाणवली ती मनाची समजूत नाही, त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. पृष्ठभागातून फेकली जाणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानं वाढते. २० अंशांच्या खोलीत ३०० अंशांचा बिडाचा पत्रा २०० अंशांच्या पत्र्याच्या दुपटीहून जास्त उष्णता अंगावर टाकतो. जुन्या स्टोव्हला अस्तर कमी, त्यामुळे त्याच्या भिंती लवकर आणि भरपूर तापतात. समोर बसलं की पाच मिनिटांत गुडघे भाजतात. नव्याच्या भिंती मुद्दाम झाकलेल्या असतात, त्याची उष्णता काचेतून आणि मागच्या पत्र्यांमधून वर चढणाऱ्या हवेतून येते. ती खोलीभर पसरते, अंगावर येत नाही. त्यात जुने स्टोव्ह बहुधा गरजेपेक्षा मोठे असायचे आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्याच्या पोटात निम्मंच लाकूड मावतं. भडकवलेल्या जुन्या स्टोव्हशी तासाभराच्या धगेत नवा हरला तर नवल नाही. आमच्याकडे बाहेरून गारठून आलं की मीसुद्धा आधी तळघरातच जाऊन उभा राहतो.

बीड उष्णता धरून ठेवतं असंही त्या पत्रात होतं. धरतं, पण किती? दीडशे किलोचा बिडाचा स्टोव्ह खोलीपेक्षा २०० अंशांनी जास्त तापला तर त्यात जेमतेम १४ मेगाज्यूल साठतात. एक किलो वाळक्या लाकडात जवळजवळ तेवढीच उष्णता असते. आग विझल्यावर एका बारक्या ओंडक्याइतकी ऊब. रात्र त्यावर निघत नाही. उष्णता खरोखर साठवायची तर टन-दोन टन दगडविटांची भट्टी लागते.

बॉयलरवाल्याच्या जिव्हाळ्याचा विषय म्हणजे धुराड्यातली तूट. एक किलो कोरडं लाकूड जाळायला साधारण सहा किलो हवा लागते. प्रत्यक्षात स्टोव्हला बहुधा त्याच्या दुपटीच्या आसपास हवा लागते, आणि जुन्याच्या दाराची फट बुजवणारी दोरी झिजलेली, सांधे ढिले, म्हणून तिप्पटही जाते. दुप्पट हवा आणि नळीत २५० अंशांचे वायू धरले तर किलोमागे सुमारे तीन मेगाज्यूल वर जातात, म्हणजे लाकडातल्या उष्णतेच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास. हवा तिप्पट झाली की तूट पाव हिश्शापर्यंत चढते. हवा दुप्पटच ठेवून वायू ४०० अंशांचे झाले तर पाव हिश्शाच्याही वर. (नळीवर बाहेरून चिकटवलेली तापमापी आतल्या वायूपेक्षा बरंच कमी दाखवते, हे ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी लक्षात ठेवावं.) म्हणून जुना स्टोव्ह भडकवला की वायू जळतात पण उष्णता धुराड्यातून जाते, आवळला की धुराड्यातून उष्णता कमी जाते पण वायू न जळता जातात. दोन्हीकडून मार. नव्याची कमाई इथेच, मंद आगीवर: नळी फार तापलेली नाही आणि धूरही नाही. ईपीएच्या सांगण्याप्रमाणे नवा स्टोव्ह तेवढ्याच उबेला एक तृतीयांश कमी लाकूड घेतो. आमच्या ढिगाकडे बघता मला ते पटतं, पण एका अटीवर.

अट म्हणजे वाळकं लाकूड. ओलं लाकूड जुन्या स्टोव्हला नावडतं, नव्याला चालतच नाही. लोकांना वाटतं की पाण्याची वाफ करण्यात उष्णता खर्च होते म्हणून तोटा. हिशेब करून बघा. दहा किलो लाकडात २० टक्के पाणी असेल तर दोन किलो पाण्याची वाफ करायला पाच मेगाज्यूलही लागत नाहीत, आणि उरलेलं आठ किलो लाकूड दीडशेच्या आसपास मेगाज्यूल देतं. ४० टक्के पाणी असलं तरी वाफेचा खर्च दहाच्या आत. खरा तोटा दुसराच. ती वाफ आगीचं तापमान पाडते, ६०० अंशांची रेघ ओलांडली जात नाही, वरच्या भोकांतून येणारी हवा पेटवण्याऐवजी थंडच करते, आणि एवढी कलाकुसर असलेला नवा स्टोव्ह जुन्या पेटीसारखा धुमसत बसतो. काच काळी पडायला लागली की समजावं.

ओलावा मोजायचं दोन टोकांचं यंत्र मिळतं, पण ते ओंडक्याच्या बाहेरच्या तोंडाला टोचून उपयोग नाही, तिथे लाकूड नेहमीच कोरडं असतं. ओंडका फोडायचा, ताज्या फोडीच्या मधोमध, रेषांच्या दिशेनं टोकं रोवायची. २० टक्क्यांच्या खाली आलं तर घाला. जावयांनी एकदा 'दोन महिने झाले, वाळलंय' असं सांगितलेला ओक मी असा फोडून मोजला होता. त्यानंतर त्यांनी त्या ढिगाला पुढच्या वर्षीची पाटी लावली. मऊ जातीचं लाकूड फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि बाजू मोकळ्या ठेवून रचलं तर एका उन्हाळ्यात वाळतं. ओकसारख्या कठीण लाकडाला बऱ्याचदा दोन उन्हाळे लागतात.

दुसरी गोष्ट धुराड्याची, आणि माझा संशय असा की पत्रलेखकांचं दुखणं इथे असावं. जुना स्टोव्ह भरपूर उष्णता वर फेकायचा, त्यामुळे बाहेरच्या भिंतीतलं रुंद विटांचं धुराडंसुद्धा तापून ओढ धरायचं, म्हणजे धूर जोरात वर खेचायचं. नव्याचे वायू मुळात थंड. तेच रुंद धुराडं आता तापतच नाही, ओढ कमी पडते, दार उघडलं की धूर खोलीत येतो, आणि आगीला हवा पुरत नाही म्हणून धगही नाही. युरोपातल्या चाचणीत स्टोव्हला १२ पास्कलची (पास्कल हे दाबाचं माप) ओढ देतात. घरातल्या धुराड्याची ओढ मोजून बघितली का, असं बसवणाऱ्याला विचारा; बहुतेक जण आकाशाकडे बघतात. जुन्या धुराड्यात स्टोव्हच्या मापाची, गरम राहणारी पोलादी नळी सोडली की हे दुखणं बहुधा जातं. उलट टोकही आहे. खूप उंच धुराड्याची ओढ इतकी जबर असते की हवा पूर्ण आवळली तरी आग ऐकत नाही आणि उष्णता वर पळते, कारण नव्या स्टोव्हची हवा स्वच्छ जळण्यासाठी मुद्दामच पूर्ण बंद होऊ देत नाहीत.

चाचणीच्या आकड्यांवर माझा आंधळा विश्वास नाही, हेही सांगून टाकतो. अमेरिकेत वर्षानुवर्षं चाचणी होत आली ती एकसारख्या कापलेल्या, मध्ये फटी ठेवून खिळ्यांनी जोडलेल्या चौकोनी फळ्यांवर. असं लाकूड घरात कोण जाळतं? २०२३ मध्ये ईपीएच्याच महानिरीक्षकांनी अहवाल दिला की बाजारात येण्याआधी स्टोव्हची चाचणी आणि प्रमाणन नीट झालं आहे अशी पुरेशी खात्री या व्यवस्थेतून मिळत नाही. पण यावरून 'नवं सगळं थोतांड' असा निष्कर्ष काढणंही चूक. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या लिबी गावात २००५ ते २००७ दरम्यान हजाराहून जास्त जुने स्टोव्ह बदलले, आणि हिवाळ्यातले हवेतले सूक्ष्म कण सुमारे पाव हिश्शानं उतरले. गावाची हवा प्रयोगशाळेतले आकडे बघून सुधारत नाही.

टक्केवारीचा आणखी एक घोळ. लाकडातला ओलावा आणि जळताना तयार होणारं पाणी, दोन्हींची वाफ धुराड्यातून जाते. तिच्यात अडकलेली उष्णता युरोपात लाकडातल्या एकूण उष्णतेत धरतच नाहीत, अमेरिकेच्या अधिकृत चाचणीत धरतात. परिणामी तोच स्टोव्ह, तेच लाकूड, युरोपच्या कागदावर ८० टक्के आणि अमेरिकेच्या कागदावर ७२ ते ७५च्या दरम्यान. विक्रेते अर्थातच मोठा आकडा छापतात. आपल्या लेखातल्या तक्त्यात दोन्ही प्रकारचे आकडे एकाखाली एक होते, आणि त्यावरून स्टोव्हचे क्रमांक लावले होते.

म्हणून संपादक महाशय, विनंती एवढीच, की पुढच्या वेळी टक्केवारी छापाल तेव्हा ती वाफेची उष्णता धरून आहे की सोडून, लाकूड किती ओलं होतं आणि आग भडक होती की मंद, हे शेजारी छापा. मंद आगीवरचा आकडा मिळाला तर तोच आधी छापा, कारण घरातले स्टोव्ह बहुतेक वेळ तसेच चालतात.

आणि पत्रलेखकांना: जुना परत बसवायच्या आधी, दाराच्या चौकटीत कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढून बघा. सहज निसटली तर दोरी बदला. मग आत बॅटरी टाकून वरची आडवी फळी बघा. धुराडं साफ करताना ती काढतात किंवा ब्रशानं ढकलली जाते, आणि परत बसवताना मागे बोटभर फट राहते. तेवढ्या फटीतून वायू वरच्या वर नळीत जातात, खालच्या भोकांशी जळायला थांबतच नाहीत. आमच्याकडेही साफसफाईनंतर नळीचं तापमान एकाएकी चढलं आणि खोली थंड राहिली, तेव्हा कारण हेच निघालं. फळी दोन बोटं मागे सरकवली, त्याच संध्याकाळी अधांतरी ज्वाळा परत दिसली.

कळावे,
आपला,
एक निवृत्त बॉयलरवाला